एक मिनिट, सावळज

बाई 'अ‍ॅक्शन' म्हणत नसत.
'हं' म्हणायच्या. कधी तेवढंही नाही,
चष्मा कपाळावर सरकवायच्या, आणि आम्ही समजायचो
की सुरू झालंय, बहुतेक मघाशीच.

मार्चअखेर. तासगावच्या पुढं, सावळजला
बेदाण्याच्या शेडमध्ये युनिट लागलेलं.
जाळीवर हिरवट, मग पिवळे होत जाणारे मणी,
नाकात गंधकाची धुरी, माझ्या कानांवर हेडफोन.
मी साउंडचा माणूस, वासाशी माझं काम नव्हतं,
तरी त्या अख्ख्या रेकॉर्डिंगला तो लागलाय असं अजून वाटतं.

पहिल्या दिवशी कॅमेरा पेटीतच.
'आधी निवडायला बसा,' बाई म्हणाल्या
हिरोइनला, मेकअपवाल्याला, प्रॉडक्शनच्या घोरपडेंना, मला.
देठ काढा, काळा बाजूला, फुटका बाजूला.
दुपारी बोटं साखरेनं चिकटलेली,
आणि इंदूताई ऐवळे पदराआड हसत:
'ह्यास्नी पगार कोण देतंय?'
'ह्यांनीच तुम्हाला द्यायला पाहिजे. शिकवणी आहे.'
आणि दिली खरंच, अकराही जणींना, दुप्पट हजेरी.
घोरपडेंनी वहीत लिहिलं: किरकोळ.

त्यांचं तत्त्व वगैरे काही नव्हतं.
विचारलं तर म्हणायच्या, 'जेवलास का?'
पण दस्तगीर लाइट लावत होता तेव्हा ऐकलंय:
'पत्र्याच्या भोकातून येतोय ना तो कवडसा,
तो आपल्या आधीपासून इथं कामाला आहे.
त्याला विचारून काय ते लाव.'
दस्तगीर बराच वेळ कवडशाकडं बघत उभा.
मग एक लाइट विझवला. मग दुसरा पण.

'पाहुण्यानं घरातली खुर्ची सरकवू नये,' हे एकदा.
'रडू येत नसेल तर नको येऊ दे तिला,
खऱ्या बाईला तरी कुठं वेळ आहे,
पाचला गाडी भरायचीय.' हे एकदा.
बाकी शिव्या. भरपूर.

जागा सोडताना मात्र एक नियम:
एक मिनिट कुणी हलायचं नाही,
तिथली शांतता भरून घ्यायची.
सगळेच घेतात, रूम टोन म्हणतात त्याला,
तीस सेकंद, कंटाळून, घड्याळ बघत.
बाई डोळे मिटून उभ्या राहायच्या, देवळात राहावं तशा.
नाही, देवळात त्या चुळबुळायच्या.

सहा वाजता मी बोट वर केलं.
साठ माणसं थिजली.
हिरव्या नेटची फडफड.
गार होताना टिकटिकणारा पत्रा.
कुणाच्या तरी पोटात गुरगुर, दस्तगीरच्या, रोजा होता.
लांबवर टँकर.
आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला
चहावाल्याचा पोरगा, किटली घेऊन थेट आत,
कपावर कप, खण्ण.

बाई अशा ओरडल्या
की नेटवरची पाखरं उडाली.
पोरगा रडला नाही. किटली खाली ठेवली
आणि आमच्यासारखाच उभा राहिला,
हात बाजूला, श्वास धरून.
'परत घेऊ,' मी म्हटलं.
बाई त्याच्याकडं बघत होत्या.
'नको,' म्हणाल्या. 'हा आला होता. खोटं कशाला.'

मग दोघं पायरीवर बसले, मध्ये किटली.
माफी मागितली का, ठाऊक नाही.
मी हेडफोन काढून ठेवले होते, मुद्दाम.

एडिटला शेडचा सगळा सीन गेला.
इंदूताईंची बोटं गेली, कवडसा गेला.
सिनेमा लांबत होता. बाईंनी स्वतःच कापला,
जेवायला उठायच्या आधी.
पण शेवटी ती मुलगी पुण्यात, नव्या फ्लॅटात
खिडकी बंद करते ना,
तिथं फ्लॅटची शांतता नाही.
तिथं बाईंनी ते मिनिट अंथरलंय.

सांगलीला पहिल्या खेळाला अकराही जणी आल्या होत्या,
ठेवणीतल्या साड्या, मागची रांग,
दोन तास स्वतःला शोधत.
मुलीनं खिडकी लावली.
पत्रा टिकटिकला.
इंदूताईंनी मान वर करून थिएटरचं छत बघितलं,
मग शेजारणीला कोपरानं ढोसलं.